महाविद्यालय बदलण्यापूर्वी : शिष्यवृत्तीचे नियम आणि कागदांचा क्रम

आपल्या निवासी विद्यालयातून दहावी उत्तीर्ण होऊन बाहेर पडणारा विद्यार्थी बहुधा आपल्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा पहिलाच असतो. प्रवेश कसा घ्यावा, अर्ज कोठे भरावा, हे सांगणारे त्याला आता पुष्कळ भेटतात. घेतलेला प्रवेश वर्षाच्या मध्येच बदलावा लागला तर काय करावे, हे सांगणारा मात्र क्वचितच भेटतो. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास माजी विद्यार्थी आणि त्यांचे पालक आमच्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात. "सर, कॉलेज बदललं तर स्कॉलरशिप राहते का?" त्या प्रश्नाचे उत्तर या स्मरणिकेच्या निमित्ताने सविस्तर मांडावे, असे आम्हांस वाटले.

थोडक्यात उत्तर असे की, शिष्यवृत्ती राहू शकते, परंतु ती आपोआप राहत नाही. महाविद्यालय बदलणे हा गुन्हा नव्हे. परवानगीवाचून बदलणे हा मात्र मोठा धोका आहे.

इतिहासाचा दाखला

हा प्रश्न आजचा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेतही तो उभा राहिला होता. १९१३ साली बडोदा संस्थानाने त्यांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. त्या बदल्यात दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार त्यांनी लिहून दिला होता. १९१६ साली ते न्यूयॉर्कहून लंडनला गेले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. संस्था बदलली, देश बदलला, परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपत आली होती. ती संपताच १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून त्यांना मायदेशी परतावे लागले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. परत येण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत पुन्हा येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी मिळवली होती. पुढे सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीतून साठविलेला पैसा, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. पैसा थांबला, तरी परवानगी हाती असल्यामुळे शिक्षणाचा मार्ग बंद झाला नाही.

१९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य असताना त्यांनी अस्पृश्य वर्गाच्या शिक्षणासंबंधी सरकारकडे निवेदन सादर केले. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालत आलेली आहे. आज आपली मुले 'भारत सरकार शिष्यवृत्ती' म्हणून जिचा उल्लेख करतात ती हीच होय.

नियम काय म्हणतो?

या योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतलेल्या निर्णयानुसार खर्चाचा ६० टक्के हिस्सा केंद्र सरकार आणि ४० टक्के हिस्सा राज्य सरकार उचलते. केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यावर जमा होतो. आपल्या राज्यात अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावयाचा असतो. तो प्रथम महाविद्यालय तपासते आणि त्यानंतर समाजकल्याण खात्याच्या सहायक आयुक्तांचे जिल्हा कार्यालय तपासते.

योजनेच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांतील तीन तरतुदी प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवाव्यात.

पहिली तरतूद : ज्या अभ्यासक्रमासाठी शिष्यवृत्ती मंजूर झाली तो अभ्यासक्रम, अथवा ती शिक्षणसंस्था, राज्य शासनाच्या पूर्वपरवानगीवाचून बदलल्यास शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. असे प्रकरण शासनास कळविणे आणि रक्कम थांबविणे हे संस्थाप्रमुखाचे काम आहे. दिलेली रक्कम वसूल करण्याचा अधिकारही शासनाकडे राहतो.

दुसरी तरतूद : वर्षाच्या मध्येच शिक्षण सोडून दिल्यास त्या वर्षाची रक्कम परत मागितली जाऊ शकते.

तिसरी तरतूद : शिष्यवृत्तीचे नूतनीकरण वरच्या वर्गात जाण्यावर अवलंबून असते. जो विद्यार्थी एका महाविद्यालयातील पहिले वर्ष सोडून दुसरीकडे पुन्हा पहिल्याच वर्षात बसतो, त्याला नूतनीकरणाचा हक्क सांगता येत नाही. त्याचे प्रकरण नव्याने तपासले जाते.

या तिन्ही तरतुदींत 'पूर्वपरवानगी' हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. आधी दाखला काढावयाचा, नव्या ठिकाणी नाव घालावयाचे आणि मग कार्यालयात चौकशी करावयाची, हा आपल्याकडील रूढ क्रम. नियमाचा क्रम याच्या नेमका उलट आहे.

बदल कोणकोणत्या प्रकारचा असतो?

एक उदाहरण घेऊ. गेवराईतील विद्यार्थ्याने जुलैमध्ये बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला नाव घातले. सप्टेंबरमध्ये प्रवेशफेरीत त्याला छत्रपती संभाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा मिळाली. कला, विज्ञान वा वाणिज्य शाखेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाकडे जाण्यास या योजनेत वाव ठेवलेला आहे. या बदलाने भत्त्यातही फरक पडतो. घरी राहून बी.एस्सी. करणाऱ्यास वर्षाला ३,००० रुपये निर्वाह भत्ता, तर वसतिगृहात राहून अभियांत्रिकीची पदवी घेणाऱ्यास १३,५०० रुपये. परंतु बी.एस्सी.चा अर्ज महाडीबीटीवर तसाच राहिला आणि त्यावर अभियांत्रिकीचा दुसरा अर्ज आला, तर एकाच आधार क्रमांकावर एकाच वर्षाचे दोन दावे उभे राहतात. म्हणून जुना अर्ज जुन्या महाविद्यालयाकडून आधी रीतसर रद्द करून घेतला पाहिजे.

दुसरे उदाहरण, अभ्यासक्रम तोच ठेवून गाव बदलण्याचे. एखाद्या मुलीचे लग्न वर्षाच्या मध्येच ठरते आणि तिला सासरच्या गावी शिकावे लागते. एखाद्याच्या वडिलांचे आजारपण निघते आणि त्याला घराजवळ यावे लागते. येथे विद्यापीठाची हद्द पाहावी लागते. बीड, जालना, धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर हे चार जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात. गेवराईहून बीडला वा संभाजीनगरला जाणाऱ्याचे विद्यापीठ बदलत नाही. परभणी वा नांदेडला जाणारा स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात जातो आणि पुण्याला जाणारा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात. तेथे स्थलांतर प्रमाणपत्र, म्हणजे मायग्रेशन, आणि नव्या विद्यापीठाची पात्रता या दोन गोष्टी वाढतात.

नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर श्रेयांक जमा ठेवण्याची सोय झाली आहे. परंतु विद्यार्थी आणि पालक यांचा येथे एक गैरसमज होतो. श्रेयांक विद्यार्थ्याच्या नावावर राहतात आणि त्याच्याबरोबर जाऊ शकतात. शिष्यवृत्तीची रक्कम तशी जात नाही. ती त्या वर्षी, त्या महाविद्यालयासाठी मंजूर झालेली असते.

शुल्काचा दुहेरी भार

खरा फटका बसतो तो येथेच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेश रद्द केल्यास शुल्क परत मिळण्याचे टप्पे ठरलेले आहेत. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या किमान १५ दिवस आधी अर्ज केल्यास संपूर्ण शुल्क, त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, अंतिम तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, १६ ते ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, आणि ३० दिवस उलटल्यावर काहीही नाही. आयोग एखाद्या वर्षी याहून सवलतीचे परिपत्रकही काढतो. त्या त्या वर्षाचे परिपत्रक पाहूनच तारीख ठरवावी.

याचा अर्थ असा की, दिवाळीनंतर महाविद्यालय सोडणाऱ्याचे पहिले शुल्क बहुधा गेलेले असते आणि शिष्यवृत्तीतून एका वर्षाचे दोन शुल्क भरले जात नाहीत. दुसऱ्या शुल्काचा भार मग घरावर येतो. गेवराई तालुक्यातील ऊसतोडीला जाणाऱ्या घराला त्याची झळ कशी लागते, हे निराळे सांगावयास नको. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीत आणखी काही हजारांची भर पडते आणि एका मुलाच्या कागदाच्या चुकीसाठी आईबाप पुढचा हंगामही फडातच काढतात.

याच अधिसूचनेने आणखी एक संरक्षण दिले आहे. कोणतीही शिक्षणसंस्था विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवू शकत नाही. तपासून ती परत दिली पाहिजेत. शिष्यवृत्तीची रक्कम अद्याप आलेली नाही, म्हणून दहावी-बारावीची मूळ गुणपत्रिका देणार नाही, असे कोणी सांगितल्यास नमते घेऊ नये. लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

वसतिगृह, स्वाधार आणि कर्ज

शासकीय वसतिगृहातील जागा गावाशी आणि महाविद्यालयाशी बांधलेली असते. गाव बदलले की ती सुटते. अशा वेळी 'भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना' उपयोगी पडते. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ती २०१६-१७ पासून सुरू झाली. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात भोजन २८,००० रुपये, निवास १५,००० रुपये आणि निर्वाह ८,००० रुपये मिळून वर्षाला ५१,००० रुपये मिळतात. वैद्यकीय व अभियांत्रिकी शाखांना शैक्षणिक साहित्यासाठी आणखी ५,००० रुपये आहेत. किमान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के उपस्थिती या तिच्या अटी आहेत.

येथे दोन गोष्टी समजून घ्याव्यात. विद्यार्थी महाविद्यालयाच्या शहराचा स्थानिक रहिवासी नसावा, अशी अट असल्याने गेवराई शहरात राहून गेवराईतच शिकणाऱ्यास हा लाभ नाही. तोच विद्यार्थी संभाजीनगरला गेला की अर्ज करू शकतो. दुसरी गोष्ट उपस्थितीची. उशिरा दाखल झालेल्याची उपस्थिती कमी भरण्याची भीती असते. म्हणून जुन्या महाविद्यालयाकडून तेथील उपस्थितीचा दाखला घेऊन यावा.

शैक्षणिक कर्ज घेतलेल्यांनी अधिक सावध असावे. बँक शुल्काची रक्कम संस्थेच्या नावाने देते, म्हणून संस्था बदलण्यापूर्वी बँकेची लेखी संमती हवी. साडेचार लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी केंद्राची व्याज अनुदान योजना आहे. मात्र जो अभ्यासक्रम मध्येच सोडतो त्याला हे अनुदान मिळत नाही. आजारपणाचे कारण असेल आणि संस्थाप्रमुखाची खात्री पटेल असे कागद असतील, तरच अपवाद होतो.

कागदांचा क्रम

आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकास आम्ही पुढील क्रम लिहून देतो.

१. नव्या महाविद्यालयात जागा असल्याचे आणि ते प्रवेश देण्यास तयार असल्याचे पत्र मिळवावे.

२. जुन्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांमार्फत सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्याकडे संस्थाबदलाचा अर्ज करावा. अर्जात कारण स्पष्ट लिहावे आणि पुरावा जोडावा. आवक क्रमांक पडलेली प्रत स्वतःजवळ ठेवावी.

३. महाडीबीटीवरील अर्जाची सद्यःस्थिती पाहावी. रक्कम मंजूर झाली आहे का, कोणता हिस्सा जमा झाला आहे, याची छापील प्रत काढावी.

४. शुल्काचा हिशेब लेखी घ्यावा. काय भरले, काय बाकी, काय परत मिळणार, हे एका कागदावर यावे.

५. परवानगी हाती आल्यावरच ना हरकत प्रमाणपत्र, उपस्थितीचा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे टी.सी., घ्यावा. टी.सी. हा शेवटचा कागद आहे.

६. नव्या ठिकाणी दाखल होताच अर्जातील महाविद्यालय, अभ्यासक्रम आणि निवास यांची माहिती दुरुस्त करून घ्यावी. नव्या शहरात नवे बँक खाते उघडल्यास आधारशी कोणते खाते जोडले आहे ते तपासावे. रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यावरच जाते.

उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून दसऱ्यापूर्वी काढून ठेवावा. आईवडील कारखान्यावर गेल्यावर सहीसाठी मुलांची फार ओढाताण होते. व्यावसायिक अभ्यासक्रमाचा विचार असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करावा.

कार्यालयाकडून उत्तर येत नसेल, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आपल्या हाती आहे. आपल्या अर्जावर काय कार्यवाही झाली, हे त्याद्वारे विचारता येते. उत्तर ३० दिवसांत मिळावयास हवे.

शिष्यवृत्ती हे कोणाचे उपकार नव्हेत. ती एका दीर्घ संघर्षातून आपल्या वाट्याला आलेली आहे, आणि म्हणूनच केवळ एका अर्जाच्या अभावी ती गमावणे आपणांस परवडणारे नाही. आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेली जी मुले आज नोकरीत वा वरच्या वर्गात आहेत, त्यांना आमची विनंती आहे. आपल्या गावातील एका तरी धाकट्या भावंडाचा अर्ज दरवर्षी स्वतः बसून तपासा. आणि जो विद्यार्थी महाविद्यालय बदलण्याचा विचार करीत असेल, त्याने दाखला काढण्यापूर्वी एकदा विद्यालयात यावे. कागद पाहण्यास आम्ही येथे आहोत.

जय भीम!