दहा हजार तासांचा नियम नक्की कोणी सांगितला?

(या एपिसोडचा हा लेखी भाग. बोललो तसंच जवळपास ठेवलंय, फक्त माझे ‘म्हणजे’ आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ थोडे कमी केलेत.)

आज एका चुकीपासून सुरुवात करतो. चूक माझीच आहे.

माझा मामेभाऊ पुण्यात सदाशिव पेठेत राहून एमपीएससीचा अभ्यास करतो. तीन वर्षांपूर्वी तो आला तेव्हा मी मोठ्या भावाच्या थाटात त्याला सांगितलं, ‘‘हे बघ, कुठल्याही गोष्टीत मास्टर व्हायला दहा हजार तास लागतात. रिसर्च आहे. तास भर, बाकी सगळं आपोआप होईल.’’ त्याने ते मनावर घेतलं. कॉटच्या वर भिंतीवर तक्ता चिकटवला आणि रोज रात्री तास लिहायला लागला.

मागच्या वर्षी त्याची पूर्वपरीक्षा दुसऱ्यांदा हुकली. मी भेटायला गेलो तर तो शांतपणे म्हणाला, ‘‘दादा, अजून तीन हजार तास बाकी आहेत. चूक माझीच आहे, मी कमी पडलो.’’

खरं सांगू का, पोटात खड्डा पडला. कारण ज्या पुस्तकाच्या जोरावर मी हे सांगितलं होतं, ते मी वाचलंच नव्हतं! यूट्यूबवर त्याची बारा मिनिटांची समरी ऐकली होती, बस.

त्या रात्री मी शोधायला बसलो. ऑफिसमध्ये बग आला की आपण काय करतो? स्क्रीनवर एरर दिसली म्हणून तिथेच थांबत नाही. लॉग उघडतो आणि ही व्हॅल्यू कुठून आली, त्याआधी कुठून आली, असं मागे मागे जातो. तसंच केलं.

पहिला टप्पा म्हणजे पुस्तक. माल्कम ग्लॅडवेल यांचं ‘आउटलायर्स’, 2008 सालचं. त्यात दहा हजार तासांवर अख्खं प्रकरण आहे. बीटल्स, बिल गेट्स, सगळे भेटतात. वाचायला एकदम मस्त. पण ग्लॅडवेल पत्रकार आहेत, हा अभ्यास त्यांनी स्वतः केलेला नाही. तो त्यांनी दुसऱ्याकडून घेतलाय.

दुसरा टप्पा म्हणजे मूळ पेपर. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तो 1993 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतले व्हायोलिन शिकणारे विद्यार्थी घेतले आणि त्यांचे तीन गट केले: सर्वोत्तम, चांगले आणि पुढे संगीतशिक्षक होणारे. प्रत्येक गटात किती जण असतील? दहा. फक्त दहा! सर्वोत्तम गटाने विसाव्या वर्षापर्यंत एकट्याने केलेला सराव सरासरी दहा हजार तासांच्या पुढे गेला होता. आपला तो प्रसिद्ध आकडा इथून आलाय.

आता ‘सरासरी’ या शब्दावर जरा थांबा. पुस्तकात वाचताना असं वाटतं की त्या गटातल्या प्रत्येकाने दहा हजार तास भरले होते. पण पुढे 2016 मध्ये एरिक्सन यांनी स्वतःच ‘पीक’ नावाच्या पुस्तकात स्पष्ट केलं की त्या सर्वोत्तम गटातल्या निम्म्या मुलांचे तोवर तेवढे तास झालेच नव्हते. शिवाय विसाव्या वर्षी ते जागतिक दर्जाचे कलाकारही नव्हते, विद्यार्थी होते. म्हणजे दहा हजारावर कुठलीही रेषा नव्हती. ती नंतर मारली गेली.

अजून एक. हे तास मोजले कसे? त्या मुलांना विचारलं की लहानपणापासून प्रत्येक वर्षी आठवड्याला किती तास सराव करायचात? तुम्हीच सांगा, पाचवीत असताना तुम्ही आठवड्याला किती तास अभ्यास करायचात? मी तर आईसमोर एक आकडा सांगेन आणि मित्रांसमोर दुसरा. याचा अर्थ अभ्यास फालतू होता असं नाही, पण आकडा आठवणीतून आलाय हे माहीत असायला हवं. आणि त्यातले सगळेच अकादमीत प्रवेश मिळालेले होते. ज्यांनी भरपूर रियाझ करूनही मध्येच व्हायोलिन सोडलं, ते या तक्त्यात येणारच नव्हते.

तिसरा टप्पा असा की नंतर कोणी तपासलं का? तपासलं. 2014 मध्ये ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी 88 अभ्यास एकत्र करून पाहिले. माणसामाणसांच्या कामगिरीत जो फरक दिसतो, त्यातला किती फरक सरावाच्या प्रमाणाशी जोडता येतो, हा प्रश्न होता. बुद्धिबळासारख्या खेळांत 26 टक्के, संगीतात 21, मैदानी खेळांत 18, आणि शिक्षणात फक्त 4 टक्के. थांबा, इथे घाई नको! ‘अभ्यासाने फक्त चार टक्के फायदा होतो’ असा याचा अर्थ नाही. अभ्यास न करता कोणी पास होत नाही. अर्थ एवढाच की नुसते तास बघून कोण पुढे जाईल हे सांगता येत नाही. मग 2019 मध्ये मॅकनमारा यांनी व्हायोलिनचा प्रयोगही पुन्हा केला. त्यात सर्वोत्तम आणि चांगले, दोन्ही गटांचे तास जवळपास सारखेच निघाले, सुमारे अकरा हजार.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे ग्लॅडवेल खोटे, मॅकनमारा खऱ्या? मलाही आधी तसंच वाटलं, आणि तीसुद्धा चूकच होती. एरिक्सन यांनी मॅकनमारांवरही आक्षेप घेतला की त्यांनी कुठल्याही प्रकारचा सराव त्यात धरलाय. ग्लॅडवेल यांनीही पुढे म्हटलं की नुसत्या सरावाने सगळं होतं असा आपला दावा नव्हता. एका बाजूचं वाचून उड्या मारणाऱ्याने आता दुसऱ्या बाजूचं वाचून उड्या मारल्या, तर बदललं काय?

पण या सगळ्या वादात माझ्या भावाच्या कामाची गोष्ट सापडली. एरिक्सन यांचा मूळ मुद्दा तासांचा नव्हताच. नेमकं काय जमत नाही ते शोधायचं, त्यावरच काम करायचं, आणि कोणीतरी चूक दाखवून द्यायची, अशा सरावाबद्दल ते बोलत होते. पेपरातून पुस्तकात, पुस्तकातून समरीत, समरीतून माझ्या तोंडी आणि माझ्याकडून त्याच्या भिंतीवर येईपर्यंत तो मुद्दा गळून गेला. उरला फक्त गोल आकडा. गोल आकडे लक्षात राहतात ना!

म्हणून हल्ली कुठल्याही पुस्तकात ‘संशोधन सांगतं’ असं दिसलं की मी चार गोष्टी बघतो:

1. हे लेखकाचं स्वतःचं काम आहे की दुसऱ्याचं? दुसऱ्याचं असेल तर पुस्तकाच्या शेवटच्या टिपांमध्ये नाव आणि वर्ष शोधतो.

2. किती आणि कोणती माणसं बघितली? जे मध्येच गळाले ते मोजलेत का?

3. आकडा मोजलेला आहे की आठवून सांगितलेला? सरासरी आहे की किमान मर्यादा?

4. नंतर कोणी पुन्हा तपासलं का, आणि मूळ अभ्यासकाचं त्यावर म्हणणं काय?

गूगल स्कॉलरवर नाव आणि वर्ष टाकलं की बहुतेक पेपरांचा सारांश फुकट वाचता येतो. प्रत्येक वाक्यासाठी एवढं कोणी करणार नाही, मीही करत नाही. पण ज्या वाक्यावर आपण आपलं किंवा दुसऱ्याचं एक वर्ष लावणार आहोत, त्याच्यासाठी अर्धा तास द्यायलाच हवा.

भावाला हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘दादा, हे आधी वाचलं असतंस तर?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी सॉरी म्हणालो. त्यानंतर आम्ही त्याचे जुने सराव पेपर काढले. गणिताचे तेच तीन प्रकार दर वेळी चुकत होते, आणि तक्त्यात मात्र तास भरत होते. आता त्या तक्त्यावर तो तासांऐवजी चुका लिहितो. निकाल काय लागेल तो लागेल. पण ‘मी कमी पडलो’ हे वाक्य त्यानंतर मी ऐकलेलं नाही.

तुमच्या भिंतीवर असा कुठला आकडा चिकटलाय का? जरा मागे जाऊन बघा. आणि हो, मी सांगितलेले आकडेसुद्धा तपासा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!