माळ्यावरचं पितळ आणि मोबाइलवरचा बाजार

भंडाऱ्याला पितळनगरी म्हणतात. इथल्या कारागिरांनी ठोकलेली, घडवलेली भांडी एकेकाळी विदर्भातल्या घराघरांत लग्नाच्या आंदणात गेली. पुढे स्टील आलं, मग प्लास्टिक आलं, आणि गुंड, गंगाळ, परात, कोपर हळूहळू माळ्यावर चढले. बहुतेक घरांत ते अजून तिथेच आहेत. काहींनी मोडीत घातले, काहींनी दोन गुंड देऊन एक कुकर घेतला.

आता नागपूर, पुणे, मुंबईतल्या घरांना तेच गुंड हवे आहेत, कुणाला स्वयंपाकासाठी तर कुणाला दिवाणखान्यात ठेवायला. त्यामुळे जिल्ह्यातली तरुण मंडळी नोकरी किंवा शेती सांभाळून जुनी भांडी, पुस्तकं, लाकडी पेट्या, वापरलेले फोन गोळा करतात आणि ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅपवर विकतात. हा जोडधंदा चांगला आहे असं माझं स्पष्ट मत आहे. वस्तू वितळण्यापासून वाचते आणि चार पैसेही हाती येतात. पण त्याभोवती काही समजुती अशा पक्क्या बसल्या आहेत की त्यापायी लोक पैसे घालवतात, आणि कधी कधी पोलीस ठाण्याची पायरीही चढतात.

“जितकं जुनं, तितकं महाग”

सगळ्यात मोठा गैरसमज हाच, आणि फसवणूक करणाऱ्यांचं भांडवलही हेच. ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट, ७८६ अंकाची नोट, अमुक सालचं एक रुपयाचं नाणं लाखोंना विकलं जातं, असे व्हिडिओ सतत फिरतात. बळी पडलेल्या माणसाकडे आधी ‘नोंदणी शुल्क’ मागतात, मग ‘कर’, मग ‘रिझर्व्ह बँकेचं कमिशन’. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर सूचना काढून सांगितलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारात बँक पडत नाही, कमिशन मागत नाही, आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. नोटाबंदीतल्या जुन्या ५०० आणि १००० च्या नोटांचं तर वेगळंच आहे. २०१७ च्या कायद्यानुसार त्या एकूण दहापेक्षा जास्त जवळ बाळगणं हाच दंडाचा विषय आहे. अभ्यासक आणि संग्राहकांना ही मर्यादा पंचवीस.

दुसरी फसवणूक भांड्यांचीच आहे, म्हणून ती आपल्या जिल्ह्याला जास्त जवळची. ‘राइस पुलर’ नावाचं तांब्याचं जुनं भांडं तांदळाचे दाणे ओढून घेतं, त्यात वीज पडून इरिडियम तयार झालेलं असतं, परदेशी संशोधन संस्था ते कोट्यवधींना घेतात, अशी ती कथा. देशात अनेक ठिकाणी या नावाने टोळ्या पकडल्या गेल्या आहेत. तांबं किंवा पितळ तांदूळ ओढत नाही. वीज पडल्याने एका धातूचा दुसरा धातू होत नाही. दाणे हलताना दाखवतात ती हातचलाखी असते, आणि भांडं ‘तपासण्याच्या’ खर्चापोटी आगाऊ घेतलेली रक्कम हीच त्या टोळीची कमाई.

जुन्या भांड्याची खरी किंमत ठरते ती धातू, वजन, घडण आणि शाबूतपणा यांवर. लोखंडावर पितळेचा मुलामा असेल तर चुंबक चिकटतं. खऱ्या पितळेला चिकटत नाही. भांडं पूर्ण बुडवून बाहेर सांडलेलं पाणी मोजलं तर आणखी नेमकं कळतं: पितळेचं ८५० ग्रॅमचं भांडं साधारण १०० मिलिलिटर पाणी बाहेर काढतं. कांसं म्हणजे तांबं आणि कथील. टिचकी मारली की त्याचा नाद लांब घुमतो. ठोक्याच्या भांड्यावर हातोडीच्या खुणा दिसतात आणि गिऱ्हाईक त्यासाठी जास्त मोजतं. अंगावर कोरलेलं नाव-साल असेल तर ते घासून काढू नका. त्याने भांड्याचं वय कळतं, आणि आंदणाच्या भांड्यावरचं ते नाव हाच त्या घराचा इतिहास आहे.

“मोडीने घेतलं, दुपटीने विकलं, मधला सगळा नफा”

हा हिशेब कागदावर छान दिसतो. गुंड घरी येतो तेव्हा त्याच्यासोबत प्रवासाचा खर्च, चिंच-मीठ लावून घासण्याची मेहनत आणि कल्हईची मजुरीही येते. खरा फटका मात्र पाठवताना बसतो. बहुतेक खासगी कुरिअर कंपन्या वस्तूचं वजन आणि खोक्याचं ‘आकारमानी वजन’ यांतलं जे जास्त असेल त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. चार किलोचा गुंड ४० सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीच्या खोक्यात घातला तर ६४,००० भागिले ५०००, म्हणजे १२.८ किलो. पोकळ भांड्यातली हवासुद्धा तुमच्या खर्चाने प्रवास करते.

म्हणून जाणते विक्रेते गुंडाच्या पोटात गडवे, वाट्या, पळ्या घालून एकत्र संच विकतात. काही जण मोठी भांडी फक्त भंडारा-नागपूर पट्ट्यातच देतात, कारण अंतर साठ किलोमीटरच्या आसपास आहे आणि गिऱ्हाईक स्वतः येऊन नेतं. समई, गडवा, अडकित्ता, छोटी घंटा अशा लहान, भरीव वस्तू लांब पाठवायला परवडतात. भारतीय टपाल खात्याचा दर आणि कुरिअरचा दर दरवेळी शेजारी ठेवून बघावा. पुस्तकांसाठी टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केली आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये असा दर, वर कर, तिच्यासाठी ठरला. कोणती पुस्तकं तिच्यात चालतात ते मात्र डाकघरात आधी विचारून घ्या.

विकली न जाणारी वस्तू हाही खर्चच आहे. पाच हजारांचा माल सहा महिने पडून राहिला तर ते पाच हजार दुसऱ्या खरेदीला मिळत नाहीत. माझा सल्ला असा की पहिली विक्री स्वतःच्याच घरातल्या वस्तूंची करा. फोटो कसा काढायचा, गिऱ्हाईक काय विचारतं, खोकं कसं बांधायचं, हे सगळं खरेदीचा एक रुपया न घालता कळतं.

“छोटा धंदा, त्याला कसले नियम”

घरातली स्वतःची जुनी वस्तू विकणं आणि विकण्यासाठी वस्तू विकत घेणं, यांत कायदा फरक करतो. स्वतःचं जुनं कपाट विकलं तर तो व्यापार नाही, त्यावर जीएसटी नाही. नियमितपणे घेऊन विकायला लागलात की तो व्यवसाय होतो आणि त्याचं उत्पन्न आयकराच्या विवरणात दाखवावं लागतं.

जीएसटीबद्दल दोन टोकाच्या समजुती आहेत. एक म्हणते, ऑनलाइन म्हटलं की नोंदणी लागतेच. दुसरी म्हणते, ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत काहीच लागत नाही. दोन्ही अर्धवट आहेत. वस्तू महाराष्ट्रातच विकत असाल तर ४० लाखांची मर्यादा लागू होते, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला राज्यातल्या राज्यात ई-कॉमर्स संकेतस्थळावरूनही नोंदणीशिवाय विकता येतं. फक्त पॅनच्या आधारे एक नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. करपात्र माल परराज्यात पाठवायचा तर मात्र सर्वसाधारणपणे पहिल्याच विक्रीपासून नोंदणी हवी. तुमसरच्या माणसाला ही गोष्ट विचित्र वाटेल: शेजारच्या बालाघाटला पार्सल पाठवलं तर नोंदणी लागते, आणि पार मुंबईला पाठवलं तर नाही. सीमा राज्याची मोजतात, किलोमीटरची नाही.

नोंदणी झाली म्हणजे पूर्ण किमतीवर कर, हाही गैरसमज. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यासाठी जीएसटीच्या नियम ३२(५) मध्ये सोय आहे. खरेदीवरच्या कराचं क्रेडिट घेतलं नसेल आणि वस्तूचं स्वरूप बदललं नसेल, तर कर फक्त फरकावर बसतो. दोन हजारांचं गंगाळ सव्वीसशेला विकलं तर हिशेब सहाशेवर. तोट्यात विकलं तर कर शून्य. त्यासाठी कुणाकडून, कधी, कितीला घेतलं याची वही लागतेच.

जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतले किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतले कर्मचारी हा धंदा पत्नीच्या नावावर टाकून निर्धास्त होतात. सरकारी सेवेच्या वर्तणूक नियमांत पूर्वपरवानगीशिवाय प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष व्यापाराला मनाई आहे, आणि कुटुंबातलं कुणी व्यापार करत असेल तर ते कळवावं लागतं. आपल्या विभागाचा नियम आधी वाचा आणि लेखी परवानगी घ्या.

“सापडलं म्हणजे आपलं”

आपल्या जिल्ह्यात ही समजूत सगळ्यात घातक. वैनगंगेच्या काठचं पवनी हे प्राचीन नगर आहे. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन केलं, तेव्हा बौद्ध स्तूप आणि ब्राह्मी लेख सापडले. अशा भागात नांगरताना, पाया खणताना नाणी किंवा मूर्ती हाती लागणं अशक्य नाही. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवणं गुन्हा आहे. त्याचा फोटो टाकून ‘किती मिळतील?’ असं विचारणं म्हणजे आपणच आपल्याविरुद्ध पुरावा देणं.

शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणी, चित्रं, कलाकुसरीच्या वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात. हस्तलिखितांना ७५ वर्षांची मर्यादा. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि त्या खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. आजीच्या लग्नातल्या, १९५५ साल कोरलेल्या गुंडाला यातलं काही लागू नाही, तो खुशाल विका.

जुन्या मालगुजारी वाड्यांमध्ये भिंतीवर सांबराची शिंगं, कातडी दिसतात. कोका, नागझिरा, कऱ्हांडला यांच्या कुशीत राहणाऱ्या आपल्याला वेगळं सांगायला नको, पण सांगतो: वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यांची विक्री बंद आहे. पणजोबांनी शिकार केली होती, तेव्हा ती कायदेशीर होती, हा बचाव विक्रीला चालत नाही.

वापरलेला फोन घेताना आयएमईआय क्रमांक तपासा. ‘केवायएम’ लिहून पुढे पंधरा अंकी क्रमांक १४४२२ वर एसएमएस केला की फोनची स्थिती कळते. संचार साथी संकेतस्थळावरही कळते. चोरीच्या मालाची मालकी विकत घेणाऱ्याकडे येत नाही, तुम्ही कितीही प्रामाणिकपणे पैसे मोजलेले असोत.

“जुना माल, परत घेणार नाही”

असं लिहून टाकलं की जबाबदारी संपते असं अनेकांना वाटतं. २०२० चे ई-कॉमर्सविषयक ग्राहक संरक्षण नियम नियमितपणे धंदा करणाऱ्या विक्रेत्याला लागू होतात. वस्तू सदोष निघाली किंवा वर्णनाप्रमाणे नसली तर ती परत घ्यायला नकार देता येत नाही. म्हणून चीर, डाग, झिजलेली कल्हई, बसवलेलं बूड यांचे फोटो आधी टाका. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट शिजवू नये, आणि जुन्या डाग दिलेल्या सांध्यात शिसं असू शकतं. स्वयंपाकासाठी भांडं मागणाऱ्याला हे सांगणं विक्रीपेक्षा महत्त्वाचं आहे.

पैसे घेताना एवढंच: यूपीआयवर पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. ‘सैन्यात आहे, आगाऊ पाठवतो, फक्त हा कोड स्कॅन करा’ म्हणणारा गिऱ्हाईक नव्हे. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० ला फोन करा.

आणि खरेदीबद्दल एक विनंती. गावातली एकटी राहणारी म्हातारी मोडीच्या भावाच्याही खाली गुंड द्यायला तयार होते, कारण तिला आजचा भाव माहीत नसतो. भाव तिला आधी सांगा, तिच्यासमोर वजन करा, आणि भांडं चांगलं असेल तर मोडीपेक्षा वर द्या. वहीत तिचं नाव, तारीख, रक्कम लिहून सही किंवा अंगठा घ्या; जीएसटीला आणि पोलिसांना दाखवायचा कागदही तोच असतो.