बसतो म्हणजे जुळतो का? क्रँकशाफ्टची पुली आणि डॅम्पर



कंपन शिकवताना आपण झोपाळ्याचं उदाहरण देतो. नेमक्या वेळी छोटे धक्के दिले की झोका उंच जातो. गाडीच्या इंजिनातही हेच घडतं, पण तिथे ते नको असतं! सिलिंडरमध्ये इंधन पेटलं की क्रँकशाफ्टला पीळ बसतो नि लगेच सुटतो. या धक्क्यांची गती शाफ्टच्या स्वतःच्या कंपनाशी जुळली, तर पीळ वाढत जाऊन जाड पोलादी शाफ्टसुद्धा तुटू शकतो.

म्हणून शाफ्टच्या पुढच्या टोकाला हार्मोनिक डॅम्पर असतो. मध्ये धातूचा गाभा, बाहेर जड लोखंडी कडं, दोघांमध्ये रबर. हे रबर कंपन जिरवतं. याच डॅम्परवर पट्ट्याची पुली बोल्टने लागते.

आता जुन्या मस्टँगमधलं फोर्डचं 302 घन इंचांचं व्ही-8 इंजिन पाहू. त्याच्या शाफ्टचा तोल साधण्यासाठी डॅम्पर आणि फ्लायव्हीलवर मुद्दाम एका बाजूला जादा वजन ठेवलेलं असतं. 1981 पर्यंत हा फरक 28 औंस-इंच होता, म्हणजे मध्यापासून एक इंचावर सुमारे 794 ग्रॅम. 1982 पासून तो 50 झाला. गंमत अशी की दोन्ही डॅम्पर शाफ्टवर व्यवस्थित बसतात! पण 28च्या इंजिनाला 50चा लावला की इंजिन थरथरतं, बेअरिंग झिजतात.

वर्गात हे दाखवायला पुठ्ठ्याची चकती घ्या, मधोमध काडी खोचा. एका कडेला एक रुपया चिकटवा, समोर तसाच दुसरा. भिरकी छान फिरेल. मग समोर दहाचं नाणं लावून बघा, लगेच डुगडुगेल.

पुलीची चूक त्यामानाने लवकर सापडते. 1969 पर्यंतच्या डॅम्परला सहसा तीन बोल्ट, 1970 पासून चार. भोकंच जुळत नाहीत. भोकं जुळली तरी पुलीची खोली वेगळी असेल तर पट्टा तिरका धावतो. सरळ पट्टी धरून तपासायचं.

आणखी एक. टायमिंगची खूण बाहेरच्या कड्यावर असते. रबर म्हातारं झालं की कडं सरकतं नि खूण खोटं बोलू लागते. अशा वेळी पहिल्या सिलिंडरचा पिस्टन खरोखर सगळ्यात वर कधी येतो ते मोजून घ्यावं आणि डॅम्पर बदलावा.