माजी सैनिकांचे क्लब आणि धुराचा प्रश्न

युद्ध संपते, गणवेश उतरविला जातो आणि सैनिक घरी परततो. घरची माणसे त्याच्यावर जीव टाकतात. परंतु त्याने जे पाहिले आणि जे सोसले, ते त्यांना सांगून समजेलच असे नाही. न सांगता ते जाणणारे असतात त्याचे जुने सोबती. या सोबत्यांनी पुन्हा एकत्र यावे, एकमेकांच्या अडीअडचणींत धावून जावे, दिवंगतांच्या विधवा-मुलांची विचारपूस करावी, या हेतूने पाश्चात्य देशांत माजी सैनिकांच्या मोठमोठ्या संघटना उभ्या राहिल्या. अमेरिकेतील ‘व्हेटरन्स ऑफ फॉरिन वॉर्स’ या संघटनेचा उगम १८९९ सालचा. ‘अमेरिकन लीजन’ १९१९ मध्ये, तर ‘ब्रिटिश लीजन’ १९२१ मध्ये स्थापन झाली. त्यांच्या शाखा गावोगाव पसरल्या आणि पुष्कळ शाखांनी आपले क्लब थाटले. तेथे खेळाची टेबले असतात, पेयांचा गुत्ता असतो, आणि भिंतीवर न परतलेल्यांची नावे असतात.

अशा या आपुलकीच्या जागी गेल्या काही दशकांत एक कठीण वाद उभा राहिला. सार्वजनिक ठिकाणी बंद जागेत धूम्रपान करण्यास मनाई झाल्यावर ती मनाई या खाजगी क्लबांनाही लागू करावी काय, असा तो वाद होय. आपणास तो दूरदेशीचा वाटेल. पण त्यातील प्रश्न आपल्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचतो.

सवय कोणी लावली?

प्रथम सैनिकांची बाजू ऐकून घेऊ. त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती पहिली सिगारेट आली ती सैन्यातच. दोन्ही महायुद्धांत सिगारेट ही सैनिकाची जवळजवळ आवश्यक वस्तू मानली जात असे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांस ‘के रेशन’ नावाचे जे तयार जेवण मिळे, त्याच्या प्रत्येक डब्यात बिस्किटांच्या जोडीला चार सिगारेटी असत. अमेरिकेच्या सैनिकी शिध्यातून सिगारेटी वगळल्या गेल्या त्या १९७५ साली. म्हणजे तंबाखू व फुप्फुसांचा कर्करोग यांचा संबंध १९५० मध्ये रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनी दाखवून दिल्यावरही पंचवीस वर्षे ही वाटणी चालू होती.

तेव्हा वृद्ध सैनिक म्हणतो, “ज्या सरकारने विशीत माझ्या हाती सिगारेट दिली, तेच सरकार सत्तरीत मला पावसात उभे राहून ती ओढावयास सांगते. क्लब आमचा, वर्गणी आमची, दार आम्हीच उघडतो. बाहेरच्यास येथे काय त्रास?” हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे खचित नाही. त्यात व्यथा आहे, आणि काही अंशी न्यायही आहे.

धूर वर्गणी विचारीत नाही

परंतु धुराचा स्वभाव सभासदत्वाच्या नियमांत बसत नाही. जपानमधील संशोधक ताकेशी हिरायामा यांनी स्वतः धूम्रपान न करणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची चौदा वर्षे नोंद ठेविली. १९८१ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो असा की, ज्यांचे पती खूप सिगारेटी ओढीत, त्या स्त्रियांत फुप्फुसांच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अधिक होते. दुसऱ्याच्या धुराने हृदयविकार बळावतो, हेही पुढे सिद्ध झाले. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालाने तर या धुराचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही, असे स्पष्टपणे सांगितले.

“पंखे लावू, खिडक्या उघडू, वेगळी खोली करू,” असे उपाय पुष्कळांनी सुचविले. वायुवीजनाच्या शास्त्रात अधिकारी मानल्या जाणाऱ्या अमेरिकन अभियंत्यांच्या ‘ॲश्रे’ या संस्थेने त्यावर २००५ साली आपले मत दिले. पंख्याने वास कमी होईल. धोका पुरता टाळावयाचा असेल तर आत धूम्रपान न करणे हाच मार्ग होय, असे ते मत होते.

दोन निर्णय

इंग्लंडमध्ये हा प्रश्न पार्लमेंटपुढे आला. मजूर पक्षाने २००५ च्या निवडणुकीच्या जाहीरनाम्यात खाजगी सभासदांच्या क्लबांस सवलत देऊ केली होती. पण मग एकाच रस्त्यावरील पब धूररहित आणि क्लब धुराने भरलेला, असे होणार होते. पबमधील नोकराच्या फुप्फुसांना संरक्षण आणि क्लबमधील नोकराच्या फुप्फुसांना नाही, हा भेद कसा समर्थनीय ठरावा? १४ फेब्रुवारी २००६ रोजी सभासदांना पक्षादेशातून मोकळीक देण्यात आली आणि कॉमन्स सभेने ३८४ विरुद्ध १८४ मतांनी ही सवलत फेटाळली. १ जुलै २००७ पासून इंग्लंडमधील पबांबरोबर क्लबांतही, माजी सैनिकांचे क्लब धरून, बंद जागेतील धूम्रपान थांबले.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या मतदारांनी नोव्हेंबर २००५ मध्ये कौल देऊन सार्वजनिक जागांबरोबर कामाच्या जागीही धूम्रपानास बंदी केली. ब्रेमर्टन या नौदलाच्या शहरातील अमेरिकन लीजनची शाखा क्रमांक १४९ न्यायालयात गेली. आमची जागा खाजगी आहे, असा तिचा दावा होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली तो मान्य केला नाही. क्लबमध्ये पगारी नोकर आहेत. सबब ती कामाची जागा आहे, आणि धूम्रपान हा काही मूलभूत हक्क नव्हे, असे न्यायालयाने ठरविले.

या दोन्ही निर्णयांत कसोटी एकच आहे. जागा कोणाची, यापेक्षा तेथील हवा कोणाकोणास घ्यावी लागते, हे पाहण्यात आले. पेले धुणारी बाई, हिशेब लिहिणारा कारकून, फरशी पुसणारा मुलगा हे उठून जाऊ शकत नाहीत, कारण त्यांची भाकरी तेथे आहे. आणि हृदयविकार जडलेला जुना सोबती? त्याला धूर सोसावा तरी लागतो, किंवा मित्रांचा सहवास तरी सोडावा लागतो. ज्या क्लबचा जन्मच सोबतीसाठी झाला, त्याच्या दारातून सोबत्याने आजारामुळे परत फिरावे, याहून दुःखाची गोष्ट ती कोणती?

सर्वच ठिकाणी असा निर्णय झाला, असे मात्र नाही. अमेरिकेतील इंडियाना राज्याने २०१२ च्या कायद्यात माजी सैनिकांच्या क्लबांना सवलत दिली. तिच्यामागे सैनिकांविषयीचा आदर आहे, यात शंका नाही. परंतु सरकारने लावलेल्या सवयीचे ऋण धूर ओढण्याच्या परवानगीने फिटत नाही. ते फिटावयाचे तर सवय सोडविणारे औषधोपचार विनामूल्य मिळाले पाहिजेत, धीर देणारा सल्लागार मिळाला पाहिजे, आणि नियम सांगणाऱ्याच्या तोंडी आदराची भाषा असली पाहिजे. नियमाचे फळही मिळाल्यावाचून राहत नाही. स्कॉटलंडमध्ये मार्च २००६ मध्ये बंदी आल्यानंतर नऊ रुग्णालयांत तीव्र हृदयविकाराने दाखल होणाऱ्यांची संख्या, आधीच्या वर्षातील तेवढ्याच काळाच्या तुलनेत, १७ टक्क्यांनी घटलेली आढळली.

आपल्याकडे

आपल्या देशातही हा विचार रुजला आहे. मुंबईचे नेते मुरली देवरा यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये रुग्णालये, शाळा, ग्रंथालये, कचेऱ्या, आगगाड्या आदी ठिकाणी धूम्रपानास मनाई करण्याचा आदेश दिला. पुढे २००३ चा कायदा झाला, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी कामाच्या जागांचाही स्पष्ट समावेश केला.

परंतु वाचकहो, एक जागा अशी आहे की, जेथे यांपैकी कोणताही नियम पोहोचत नाही. ती म्हणजे आपले घर. घर हाही एक खाजगी क्लबच आहे, आणि त्याचे सर्वांत लहान सभासद दार उघडून बाहेर जाऊ शकत नाहीत. दुसऱ्याच्या धुराने २००४ या एका वर्षात जगात सुमारे सहा लाख माणसे दगावली, असा अंदाज आहे. त्यांत चतुर्थांशाहून अधिक बालके होती.

आपल्या घरीही कदाचित असे एखादे आजोबा असतील, सैन्यातून वा गिरणीतून निवृत्त झालेले, आयुष्यभर विडी ओढलेले. त्यांना दटावू नका. अंगणात त्यांच्यासाठी सावलीत एक खुर्ची ठेवा, त्यांच्याजवळ जाऊन बसा, त्यांच्या आठवणी ऐका, आणि विडी सोडण्याचे त्यांनी मनावर घेतले तर डॉक्टरांकडे त्यांच्याबरोबर जा. नातवंडांच्या खोलीत धूर नको, हे त्यांना प्रेमाने सांगितले तर बहुधा पटेल. ज्यांनी उभ्या आयुष्यात दुसऱ्यांसाठी झळ सोसली, ते एवढे नक्कीच समजून घेतील.