मूल ‘रुळलं’ म्हणजे नेमकं काय झालं?
मूल वाढताना : लेखांक ६

“दोन दिवस रडला, मग रुळला.” पाळणाघरात, बालवाडीत, मुलांच्या वॉर्डमध्ये हे वाक्य मोठ्या समाधानानं सांगितलं जातं. गेल्या आठवड्यात पियाजे यांच्या अभ्यासातून मूल विचार कसा करतं ते आपण पाहिलं. आज त्याच्या मायेच्या माणसांशी जडणाऱ्या भावबंधाबद्दल. या विषयातलं सगळं संशोधन एका प्रश्नाभोवती फिरत आलं आहे : रडायचं थांबलेलं मूल खरंच शांत झालेलं असतं का?

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लंडनमध्ये मूल रुग्णालयात दाखल झालं की आईवडिलांना जवळपास बाहेरच ठेवत. गाइज हॉस्पिटलात भेटीची वेळ होती फक्त रविवारी, दुपारी २ ते ४. संसर्गाची भीती हे एक कारण. दुसरं असं, की आई येऊन गेली की मूल पुन्हा रडायला लागतं आणि वॉर्डची घडी विसकटते. जेम्स रॉबर्टसन यांना हे पटत नव्हतं. युद्धकाळात ते अॅना फ्रॉइड यांच्या बालसंगोपनगृहात बॉयलर सांभाळायला लागले होते. तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला, मग तो स्वयंपाकी का असेना, मुलांची निरीक्षणं लिहून ठेवावी लागत. ती शिस्त घेऊनच ते टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये जॉन बोल्बी यांच्याकडे आले.

रॉबर्टसन यांनी एका मुलीचं चित्रीकरण केलं. लॉरा, वय २ वर्षं ५ महिने, बेंबीच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी ८ दिवस दाखल. मूल मुद्दाम निवडलं असा आरोप नको म्हणून निवड चिठ्ठी काढावी तशी केली. सोयीचे क्षण टिपले असंही कोणी म्हणू नये म्हणून रोज ठरावीक वेळी चित्रीकरण केलं आणि भिंतीवरचं घड्याळही त्यात दाखवलं. लॉरा फारशी रडत नाही. ओठ घट्ट मिटून रडू आवरते. आई भेटायला आली की तोंड फिरवते. १९५२ मध्ये हा माहितीपट दाखवला तेव्हा बरेच डॉक्टर आणि परिचारिका संतापल्या. पण हळूहळू त्यांतले काहीजण आपल्या वॉर्डमधली गप्प मुलं नव्यानं पाहू लागले. १९५९ मध्ये ब्रिटनमधल्या प्लॅट समितीनं भेटीच्या वेळांवरची बंधनं काढावीत आणि लहान मुलासोबत आईला राहू द्यावं, अशी शिफारस केली.

रॉबर्टसन आणि बोल्बी यांना दुराव्याच्या तीन अवस्था दिसल्या होत्या. आधी आकांत. मग हताशा : मूल निपचित पडून राहतं. आणि दुरावा लांबला तर अलिप्तता : ते खातं, खेळतं, परिचारिकेकडे पाहून हसतं, पण आई आली तर तिच्याकडे वळत नाही. वॉर्डमध्ये ‘रुळलं’ म्हणत, ते या अवस्थेला.

मूल दूध देणाऱ्याला चिकटतं, असं त्या वेळचं शास्त्र मानत होतं. विस्कॉन्सिनमध्ये हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिल्लांना दोन कृत्रिम ‘आया’ दिल्या : एक तारेची, एक मऊ कापडाची. दुधाची बाटली तारेच्या आईकडे असली, तरी पिल्लं दिवसाचा बहुतेक वेळ कापडाच्या आईला बिलगून काढत. हे प्रयोग क्रूर होते आणि ते तसंच म्हटलं पाहिजे. बोल्बींचं म्हणणं त्यातून बळकट झालं : जवळ राहण्याची ओढ ही भुकेइतकीच मूळची आहे. रांगत्या पिल्लाला धोक्यापासून वाचवायला निसर्गानं ती दिली आहे.

या सिद्धान्ताला खरं निरीक्षणाचं बळ दिलं मेरी एन्सवर्थ यांनी. युगांडात कंपालाजवळच्या गावांत आणि नंतर अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये त्या घरोघरी जाऊन बसल्या. मग त्यांनी एक छोटी चाचणी बसवली. साधारण वर्षाच्या मुलाला आईसोबत अनोळखी खोलीत आणायचं, आईनं काही मिनिटं बाहेर जायचं, परत यायचं. मूल किती रडतं यापेक्षा आई परतल्यावर ते काय करतं, हे एन्सवर्थ पाहत. काही मुलं धावत जाऊन बिलगतात आणि थोड्या वेळात पुन्हा खेळायला लागतात. हा सुरक्षित बंध. काही बिलगतातही आणि रागानं ढकलतातही. आणि काही जणू काही झालंच नाही अशी खेळत राहतात. पुढे अशा ‘समंजस’ मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर ते वाढलेले निघाले.

एन्सवर्थ आणि सिल्व्हिया बेल यांची १९७२ मधली आणखी एक नोंद आपल्या घरांसाठी मोलाची आहे. पहिल्या काही महिन्यांत ज्या बाळांच्या रडण्याला लगेच प्रतिसाद मिळाला, ती वर्षाच्या शेवटी कमी रडत होती. या निष्कर्षावर वाद झाले. तरी “सारखं उचललं तर सवय लागेल” या धाकानं तान्ह्याला रडू देण्याला आधार मिळत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

बोल्बींच्या सुरुवातीच्या लेखनात सगळा भार एकट्या आईवर आहे. त्यातून नोकरी करणाऱ्या कित्येक बायकांच्या वाट्याला नाहक अपराधीपणा आला. पुढच्या अभ्यासांतून दिसलं, की मूल एकाहून अधिक माणसांशी घट्ट बंध जोडतं. आजी, बाबा, मावशी, पाळणाघरातल्या काकू, कोणीही. माणूस मात्र ओळखीचा, टिकणारा आणि हाकेला ओ देणारा हवा. बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या १३६ मुलांचा २००० पासून अभ्यास झाला. त्यात जी मुलं वयाची दोन वर्षं पूर्ण होण्याआधी पालक-कुटुंबांत गेली, त्यांचे बंध अधिक चांगले सावरले.

जूनमध्ये तुमचं मूल बालवाडीत जाणार असेल, तर त्याची नजर चुकवून निघून येऊ नका. “मी जाते, जेवणाच्या वेळी येते,” असं सांगा आणि त्या वेळी जा. पहिले काही दिवस तासभर थांबू द्या, असं शाळेला ठामपणे म्हणा. आणि दिवसभर शहाण्यासारखं राहिलेलं मूल तुम्हाला पाहताच भोकाड पसरून रडलं, तर त्याला रागावू नका, जवळ घ्या.