कपाटातील तबकड्या

गेल्या पावसाळ्यात आमच्या परळच्या कचेरीत एका दिवंगत गिरणी कामगाराच्या पत्नी आल्या. घराच्या अर्जासाठी त्यांना नवऱ्याच्या नोकरीचा पुरावा हवा होता. १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर तो गिरणीच्या पटावर होता, एवढे दाखवावयाचे होते. हजेरीचे कागद आम्ही २००५ साली तबकड्यांवर उतरवून घेतले होते आणि, सांगावयास लाज वाटते, वाळवी लागलेले मूळ कागद रद्दीत घातले होते. तबकड्या कपाटात होत्या. पण नव्या संगणकाला सीडी ड्राइव्हच नव्हती!

श्रोतेहो, ग्रामोफोनची तबकडी आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली आहे. तिच्या चरातून सुई घासत बाहेरून आत जाते. फिलिप्स व सोनी यांनी १९८२ साली बाजारात आणलेली सीडी मात्र आतून बाहेर वाचली जाते, आणि वाचताना तिला काहीही शिवत नाही. बारा सेंटिमीटर व्यासाच्या पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये सूक्ष्म खळगे असतात, त्यांवर ॲल्युमिनियमचा मुलामा. लेसरचा किरण मुलाम्यावरून परततो. खळग्याची कड आली की परतणारा प्रकाश बदलतो. बदल म्हणजे एक, बदल नाही म्हणजे शून्य. खळगा म्हणजे एक आणि सपाटी म्हणजे शून्य, असे अनेकजण सांगतात. ते बरोबर नव्हे. किरणाची लहर जितकी आखूड, तितके खळगे बारीक करता येतात. म्हणून सीडीवर ७०० मेगाबाइट, डीव्हीडीच्या एका थरावर ४.७ गिगाबाइट आणि ब्लू-रेवर २५ गिगाबाइट मजकूर मावतो.

विकत मिळणाऱ्या गाण्यांच्या तबकडीत हे खळगे साच्याने उठवलेले असतात. आपण घरी भरतो त्या तबकडीत खळगे नसतातच. तेथे रंगाचा थर असतो आणि लेसर तो ठिकठिकाणी भाजतो. उन्हाने व दमट हवेने हा थर बिघडतो, आणि मुंबईत दोहोंचीही वाण नाही. शिवाय सीडीचा मुलामा नावाच्या बाजूला, पातळ लाखेखाली असतो. आम्ही त्याच बाजूवर बॉलपेनने खात्यांची नावे कोरली होती!

एका सीडीत सुमारे पाचशे फ्लॉप्यांचा मजकूर मावे, तेव्हा लॅमिंग्टन रोडवर तिचा रुबाब होता. पुढे पेनड्राइव्ह आला, इंटरनेट वेगवान झाले. २००८ साली ॲपलने ड्राइव्हवाचून पातळ मॅकबुक एअर काढला आणि हळूहळू इतरांनीही तोच मार्ग धरला. २०१६ साली काळा घोड्याचे ऱ्हिदम हाउस बंद झाले. २८ रुपयांत चित्रपटाची व्हीसीडी विकणारी मोसर बेअर ही दिल्लीकडची कंपनी १९८३ साली निघाली व २०१८ साली अवसायनात गेली. आमच्या गिरण्यांना मोडकळीस यावयास सव्वाशे वर्षे लागली. येथे पस्तीस पुरली. यंत्राबरोबर कामगारही कालबाह्य ठरवला जातो, हे मात्र दोन्हीकडे सारखेच.

असो. आम्ही बाहेरून जोडावयाची ड्राइव्ह मागून आणली. एका ड्राइव्हने नाकारलेली तबकडी दुसरी कधीकधी वाचते, म्हणून एका मित्राच्या जुन्या संगणकाची ड्राइव्हही काढली. अकरांपैकी नऊ तबकड्या वाचल्या गेल्या, आणि त्या बाईंच्या यजमानांचे नाव नवव्या तबकडीवर सापडले. त्याच दिवशी तिची प्रत करून पाने कागदावर छापून घेतली. दोन तबकड्या अजून मुक्या आहेत. त्यांवर रंगखात्याची हजेरी आहे.