बाहू त्याचे, कंबर तिची

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांपर्यंत पोचू लागला. उमरीसारख्या गावी तो नांदेडच्या बाजारातून, कुणाच्या तरी पिशवीतून यायचा. कॅसेट खोचली की ‘कॉन्ट्रा’ सुरू. पडद्यावर उघड्या अंगाचे, पिळदार दंडांचे दोन वीर. बाईमाणूस शोधायचं तर ‘मारिओ’ लावावा लागे आणि तिथंही राजकन्या सापडायची ती कैदेत.

संगणकावरच्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चीही (1989) तीच कथा. जॉर्डन मेकनर याने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून राजपुत्राची एकेक हालचाल रेखाटली. म्हणून तो कठड्याला लोंबकळला की त्याच्या अंगाचा भार खेळणाऱ्याला जाणवतो. राजकन्या मात्र साठ मिनिटं महालातच. एकाच चित्रकाराच्या हातून उतरलेली ही दोन शरीरं, पण एकाला काम आणि दुसऱ्याला वाट पाहणं.

हे वळण खेळांनी पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरून उचललं. अमेरिकन चित्रकार फ्रँक फ्रॅझेटा याने 1966 साली ‘कोनन’ रंगवला: प्रेतांच्या ढिगावर उभा असलेला दणकट योद्धा आणि त्याच्या पायाशी बिलगलेली स्त्री. चित्र म्हणून ते अफाट ताकदीचं आहे, हे मान्यच करावं लागतं. पण पुढची कित्येक वर्षं अद्भुतरम्य खेळांची चित्रं त्याच साच्यातून निघत राहिली. 1986 च्या ‘मेट्रॉइड’मध्ये चिलखताआडचा योद्धा शेवटी स्त्री निघतो. धक्का खरोखर सुंदर होता. मात्र जितक्या लवकर खेळ संपवावा तितके तिचे कपडे कमी, असं बक्षीस त्याला जोडलेलं होतं. 1996 मध्ये ‘टूम रेडर’ची लारा क्रॉफ्ट आली. ती पळते, पोहते, बंदुका चालवते, म्हणजे अखेर स्त्रीच्या वाट्याला काम आलं. तरी जाहिरातींनी मिरवली ती तिची छाती. 2004 च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये तर तेच चिलखत पुरुषाने घातलं की अंगभर आणि स्त्रीने घातलं की पोट उघडं, असे कितीतरी नमुने होते. तलवारीचा वार पोटावर बसत नाही, असं चित्रकाराला वाटलं असेल का?

आपल्याकडे उघडं शरीर नवं नाही. देगलूर तालुक्यातल्या होट्टलच्या चालुक्यकालीन मंदिरावर सुरसुंदरी आहेत. सीमेपलीकडे, बिदर जिल्ह्यातल्या जलसंगीच्या मंदिरावर अशीच एक घडीव अंगाची शिल्पसुंदरी आहे, पण ती लिहिते आहे. विक्रमादित्य चालुक्याची स्तुती तिच्या हातून दगडावर उतरते आहे. बघणाऱ्याची नजर तिच्या देहावरून तिच्या हाताकडे जाते. दलाल आणि मुळगावकरांच्या चित्रांनी सजलेल्या दिवाळी अंकांतल्या स्त्रिया देखण्या होत्या, पण बहुतेक वेळा हातात दिवा किंवा फूल घेऊन थबकलेल्या. लिहिणारा हात मधल्या काळात हरवला.

तो हात पुण्यात पुन्हा सापडला. 2017 मध्ये सुरू झालेल्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या खेळ बनवणाऱ्या कंपनीने लोकवर्गणीतून पैसा उभा करायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी चमू थांबला नाही. ऑगस्ट 2020 मध्ये ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ बाहेर पडला आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या खेळांच्या अंतिम पाचांत त्याला नामांकन मिळालं. कलादिग्दर्शन सहसंस्थापक श्रुती घोष यांचं. दृश्यांत पहाडी चित्रशैली आणि बालीच्या छाया-बाहुल्या.

नायिका राजी ही भटक्या कसरतपटूंची पोर. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, ती शोधायला निघते. आठवडी बाजारात डोंबाऱ्याची पोर दोरावर चालताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना राजीची चण ओळखीची वाटेल. ती भिंतीवर धावते, खांबाला गिरकी घेऊन शत्रूवर झेपावते. मेकनरच्या राजपुत्राला मिळालेलं वजन, तोल आणि पडण्याची भीती इथं पहिल्यांदा आपल्या मातीतल्या एका मुलीच्या वाट्याला आली. दुर्गेने दिलेला त्रिशूळ तिच्या उंचीला मोठाच वाटतो, आणि ते योग्यच आहे. तिची ताकद दंडात नाही, तालमीत आहे, हे चित्रातच कळतं.

आज उमरीत खेळ मोबाइलवर चालतो आणि नवीन पोशाख पैसे मोजून विकत घेता येतो. पुरुष योद्ध्याला जाड जाकीट, स्त्रीला आखूड चोळी, हा फरक तिथं अजून मिटलेला नाही. मात्र राजीचं चित्र समोर ठेवून आता विचारता येतं: ही मुलगी या कपड्यांत, या अंगकाठीने भिंत चढू शकेल का? ‘कॉन्ट्रा’च्या कॅसेटपुढे बसलेल्या पोरींना हा प्रश्न विचारायलाही कुणी शिकवलं नव्हतं.